पाय चाळीस टक्के, काम किती टक्के?

कराड तालुक्यातील एका भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग येथे देते.

"माझे पती ३८ वर्षांचे असून गवंडीकाम करतात. गिलावा करणे आणि फरशी बसवणे हे त्यांचे मुख्य काम. साडेतीन महिन्यांपूर्वी वाळवा तालुक्यातील कामावरून दुचाकीने घरी येताना आडव्या रस्त्याने आलेल्या मोटारीने त्यांना धडक दिली. उजव्या गुडघ्याजवळचे हाड मोडले. प्लेट आणि स्क्रू बसवले आहेत, आणि वर्षभराने आणखी एक ऑपरेशन करावे लागेल. पायाला ४० टक्के अपंगत्व राहील, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. त्यांना रोज ८०० रुपये हजेरी मिळे, तीही दर शनिवारी रोख. त्याचा कागद काही नाही. अपघाताच्या वेळी हेल्मेट नव्हते आणि परवान्याची मुदत संपलेली होती. गुन्हा चार दिवसांनी नोंदवला गेला. मोटारीचे मालक ओळखीतले निघाले. ते ५०,००० रुपये देतो म्हणतात आणि स्टॅम्पपेपरवर आमची सही मागतात. त्यात गाडी ते स्वतः चालवत होते आणि आमची आता काही तक्रार नाही, असे लिहायचे आहे. प्रत्यक्षात गाडी त्यांचा मुलगा चालवत होता. एक एजंट म्हणतो की दावा लावून देतो, मिळेल त्यातले २५ टक्के द्या. माझे दीर म्हणतात, दुसरे ऑपरेशन झाल्यावरच केस करू, म्हणजे टक्केवारी पक्की कळेल. आणि यांचे स्वतःचे म्हणणे असे की पायाचे पैसे घेणे म्हणजे भीक मागण्यासारखे आहे. आम्ही काय करावे? किती मिळेल?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी दिरांच्या सल्ल्याचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या बाबतीत झालेली चूक पुढे दुरुस्त करता येण्यासारखी असते, ही मात्र दावाच बुडवू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली नुकसानभरपाईचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मूळ कायद्यात ही मुदत होती, १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परत आणलेली मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. मधल्या जवळजवळ तीन दशकांत अशी मुदत नसल्यामुळे "अपघाताच्या दाव्याला घाई नसते" हा समज गावोगाव रुजला आहे, आणि तुमचे दीर त्याच समजातून, तुमच्या भल्यासाठीच बोलत आहेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे हे खरे. पण दुसऱ्याच्या याचिकेच्या निकालावर आपला दावा टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. तुमच्या हातात अजून सुमारे अडीच महिने आहेत. अर्ज आता दाखल करायचा आणि अपंगत्वाचा दाखला, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, नवी बिले हे सर्व पुराव्याच्या टप्प्यावर हजर करायचे, हाच बरोबर क्रम आहे. लवकर अर्ज करण्याचा आणखी एक लाभ असा की भरपाईच्या रकमेवरचे व्याज अर्जाच्या तारखेपासून धरले जाते, अपघाताच्या तारखेपासून नव्हे.

अपघात वाळवा तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात झाला असला तरी प्रत्येक तारखेला तिकडे जाण्याची सक्ती तुमच्यावर नाही. अपघात जेथे झाला तेथील, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, जेथे राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यामुळे तुम्ही सातारा जिल्ह्यातच दावा लावू शकता. चालता न येणाऱ्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे.

अर्जापूर्वी ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला तेथे एक फेरी मारावी लागेल. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि अपघातग्रस्ताला त्याचे हक्क समजावून सांगणारा कागदही द्यायचा असतो. तुमच्या पत्रात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, म्हणून विचारते: असा कागद तुम्हाला मिळाला का? मिळाला नसेल, तर सविस्तर अहवाल पाठवला की नाही आणि पाठवला असल्यास कोणत्या न्यायाधिकरणाकडे, हे लेखी अर्ज करून विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरावा अशी तरतूद कायद्यात आहे, पण तिच्यावर विसंबून स्वतःचा अर्ज टाळू नका. ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाच्या तपासणीचा अहवाल आणि मोटारीच्या विम्याचा तपशील यांच्या प्रती मागा. वाहनाचा आणि विमा कंपनीचा तपशील अपघातग्रस्ताला देणे हे पोलिसांचे आणि परिवहन कार्यालयाचे कायद्याने ठरवलेले कर्तव्य आहे. ती मेहेरबानी समजू नका.

आता स्टॅम्पपेपरविषयी. सही करू नका, एवढे मी स्पष्टपणे सांगते, पण त्यामागचे कारण मोटारमालकांवरचा राग हे नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा कायद्यानेच सक्तीचा केला आहे, आणि तो याचसाठी की वाहनमालकाची ऐपत किंवा दानत काहीही असली तरी जखमी माणसाला भरपाई मिळावी. मोटारीचा विमा चालू असेल तर न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम सामान्यतः विमा कंपनी भरते, मालकाच्या खिशातून ती जात नाही. हे त्यांना ठाऊक नसेल, तर ५०,००० रुपयांत आपण सुटलो असे त्यांना वाटते. ठाऊक असेल, तर त्यांना गाडी कोण चालवत होते याची चिंता आहे. मुलाकडे परवाना नव्हता, असा संशय त्या मजकुरावरून येतो. तसे असले तरीही तुमचा दावा त्यामुळे बुडत नाही. चालकाच्या परवान्यातील दोषाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरण सिंग प्रकरणात जी दिशा घालून दिली, तिच्या आधारे न्यायालये सहसा विमा कंपनीला आधी अपघातग्रस्ताचे पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे खरे सांगण्यात तुमचे काहीच जात नाही, आणि खोटे लिहून देण्यात सर्व काही जाऊ शकते. गाडी कोण चालवत होते याबद्दल एफआयआरमध्ये एक, स्टॅम्पपेपरवर दुसरे आणि साक्षीत तिसरे आले, तर विमा कंपनीचे वकील तुमच्या पतींच्या प्रत्येक वाक्यावर संशय निर्माण करतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

हेल्मेट आणि परवाना या दोन गोष्टींनी तुम्ही पत्रात फार अपराधी होऊन लिहिले आहे. विमा कंपनी हे दोन्ही मुद्दे काढणार, याची मनाची तयारी ठेवा. परंतु कायद्याचा प्रश्न असा असतो की त्या त्रुटीमुळे अपघात घडला का, किंवा त्या त्रुटीमुळे ही इजा झाली का. हेल्मेट नसल्याने गुडघा मोडत नाही. डोक्याला मार असता तर हा मुद्दा गंभीर झाला असता. परवान्याबाबत २००८ च्या सुधीर कुमार राणा प्रकरणात दुचाकी चालवणाऱ्या जखमी मुलाकडे परवानाच नव्हता. तरी केवळ तेवढ्यावरून त्याचा निष्काळजीपणा मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तुमच्या पतींकडे परवाना होता, त्याची मुदत संपली होती. त्याबद्दल दंड होऊ शकतो, तो वेगळा विषय आहे. गुन्हा चार दिवस उशिरा नोंदवला गेला याचेही ओझे घेऊ नका. घरातला माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असताना घरचे लोक आधी रक्त आणि पैसा यांची जुळवाजुळव करतात, ठाण्यात नंतर जातात, हे न्यायालयांना कळते. रुग्णालयाने त्याच दिवशी केलेली वैद्यकीय-कायदेशीर नोंद, जिला सर्व जण एमएलसी म्हणतात, तिची प्रत मिळवा. तिच्यात वाहनाच्या धडकेचा उल्लेख असेल तर उशिराचा मुद्दा फारसा उरत नाही. आणि मोटारचालकावरच्या फौजदारी खटल्याचे काय होते यावर तुमचा दावा अवलंबून नाही. तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, येथे शक्यतेचा तोल कोणत्या बाजूला झुकतो एवढेच पाहतात. मात्र धडक कशी बसली हे पाहणारा एखादा साक्षीदार असेल, चौकात दुकान असेल, दुकानावर कॅमेरा असेल, तर त्याची चौकशी आजच करा.

तुमचा खरा प्रश्न पुढे आहे, आणि पत्रात तो तुम्ही विचारलेलाच नाही. डॉक्टरांनी पाय ४० टक्के निकामी सांगितला. तुम्ही तो आकडा तसाच धरून चालला आहात. कायद्यात त्या एका आकड्याचे तीन वेगवेगळे आकडे होतात. पहिला त्या अवयवाचा, म्हणजे एका पायाचा. दुसरा संपूर्ण शरीराचा, जो त्याहून बराच कमी असतो, कारण शरीर म्हणजे एक पाय नव्हे. तिसरा, आणि भरपाईसाठी खरोखर महत्त्वाचा, तो कमाईच्या क्षमतेचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिलेल्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हा भेद इतक्या स्वच्छपणे मांडला आहे की आजही प्रत्येक न्यायाधिकरण त्यापासून सुरुवात करते. त्यातले उदाहरण सर्वांना समजेल असे आहे: डावा हात गमावलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची क्षमता जवळजवळ पूर्णच जाते, आणि तोच माणूस सरकारी कारकून असेल तर नोकरीही राहते आणि पगारही राहतो. जखम तीच, टक्के तेच, नुकसान वेगळे. म्हणून न्यायाधिकरणाने आधी पाहायचे की हा माणूस आता कोणती कामे करू शकतो आणि कोणती नाही. मग त्याचा व्यवसाय, त्या व्यवसायाचे स्वरूप आणि वय पाहायचे. आणि शेवटी तो पूर्वीचेच काम करू शकेल, हलके काम करू शकेल, की कोणतेच करू शकणार नाही, हे ठरवायचे.

आता तुमच्या घराकडे पाहू या. फरशी बसवणारा माणूस दिवसाचे सात-आठ तास उकिडवा किंवा गुडघ्यावर बसलेला असतो. गिलाव्याला परांचीवर चढावे लागते, आणि एका हातात थापी घेऊन सगळा भार पायांवर तोलावा लागतो. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला ही दोन्ही कामे बंद. विमा कंपनीचे वकील म्हणतील की पाय ४० टक्के म्हणजे शरीर फार तर १५-१६ टक्के, म्हणून नुकसान १६ टक्के. तुमच्या बाजूने सांगायचे ते हे की गवंड्याचा गुडघा गेला तर त्याचे गवंडीकाम गेले. उरते ते उभ्याने देखरेख करण्याचे किंवा बसून करायचे एखादे काम, तेही मिळाले तर. हे आपोआप कोणी लिहून देत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाच्या दाखल्यात केवळ टक्केवारी असून चालत नाही. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो, रुग्ण उकिडवा बसू शकतो का, मांडी घालू शकतो का, शिडी चढू शकतो का, ओझे उचलून चालू शकतो का, ही वाक्ये त्यात हवीत, आणि शक्य तर त्या डॉक्टरांनी न्यायाधिकरणासमोर साक्ष द्यायला हवी. ज्यांनी ऑपरेशन केले, त्याच डॉक्टरांना ही विनंती करा. पैसे देऊन तयार दाखले आणून देणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही आणि खरी इजाही खोटी वाटू लागते.

या तिसऱ्या आकड्याने रकमेत किती फरक पडतो, हे हिशेब करून दाखवते. महिन्याला २५ दिवस काम धरले तर ८०० रुपये हजेरीने उत्पन्न २०,००० रुपये होते. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक मोबदल्याचे काम करणारा माणूस ४० वर्षांच्या आतला असेल, तर पुढे उत्पन्न वाढले असते म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, असे २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता. जखमी माणसालाही ही वाढ द्यावी, हे २०२० च्या पप्पू देव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा २०,००० चे २८,००० झाले, म्हणजे वर्षाचे ३,३६,०००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या तक्त्यात ३६ ते ४० वयासाठी गुणक १५ आहे, आणि वय अपघाताच्या दिवसाचे धरतात. गुणाकार ५०,४०,००० रुपये येतो. ही संपूर्ण कमाई गेल्याची रक्कम झाली. कमाईची क्षमता १६ टक्के गेली असे ठरले तर यातून मिळतील ८,०६,४०० रुपये. ४० टक्के ठरले तर २०,१६,०००. आणि ६० टक्के ठरले तर ३०,२४,०००. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात सामान्यतः होत नाही. हे आकडे म्हणजे आश्वासन नव्हे. उत्पन्न किती धरायचे आणि टक्के किती धरायचे, हे न्यायाधीश पुराव्यावरून ठरवतील.

उत्पन्नाचा पुरावा नसेल तर काय होते, तेही याच हिशेबात पाहा. न्यायाधिकरणाने महिन्याचे १२,००० रुपयेच मान्य केले, तर ४० टक्क्यांची रक्कम २०,१६,००० वरून १२,०९,६०० वर येते. आठ लाखांचा हा फरक केवळ कागदाचा आहे. शनिवारी रोख हजेरी घेणाऱ्या माणसाकडून पगाराच्या पावतीची अपेक्षा न्यायालये करत नाहीत. २०११ च्या रामचंद्रप्पा प्रकरणात एका हमालाने सांगितलेले उत्पन्न, कागद नसतानाही, ते अवास्तव नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते. पण कागद नाही असे म्हणून हात जोडून बसू नका, कारण तुमच्याकडे बहुधा तुम्हाला वाटते त्याहून अधिक आहे. ज्या ठेकेदाराकडे ते काम करत होते त्याची हजेरीवही असते. तिच्या पानांची प्रत आणि त्याचा दाखला मिळवा, आणि तो साक्षीला येईल का, हे विचारा. ज्या घरांची फरशी त्यांनी बसवली त्यांपैकी दोन-तीन घरमालकांना विचारा. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी असेल, तर वर्षातून ९० दिवसांहून अधिक काम केल्याचा दाखला त्या नोंदणीसाठी दिलेला असतो, आणि गवंडी हा व्यवसाय सिद्ध करायला अपघातापूर्वीचा तो कागद अतिशय उपयोगी पडतो. बचत गटाचे हप्ते, पतसंस्थेचे पासबुक, मुलांची फी, फोनवरून आलेले पैसे, हे सर्व मिळून घर किती उत्पन्नावर चालत होते ते दिसते.

भविष्यातील कमाईखेरीज इतर बाबींची भरपाईही मागायची असते आणि ती विसरली जाते. ऑपरेशन, औषधे, फिजिओथेरपी आणि रुग्णालयात जाण्यायेण्याच्या रिक्षांचा खर्च, विशेष आहार, अपघातापासून पुन्हा उभे राहीपर्यंत बुडालेली हजेरी, पुढच्या ऑपरेशनचा डॉक्टरांनी लेखी दिलेला अंदाज, सोसलेल्या वेदना, आणि ज्याला कायद्याच्या भाषेत जीवनातील सुखसोयींची हानी म्हणतात ती, म्हणजे मुलाला खांद्यावर घेणे, देवळाच्या पायऱ्या चढणे, पंगतीत मांडी घालून बसणे, हे जे आता होणार नाही त्याचेही मोल. तुम्ही स्वतः तीन महिने कामावर गेला नाहीत आणि त्यांचे सगळे हातांनी केलेत, हे पत्रात एका ओळीत येऊन जाते. घरच्या माणसाने केली म्हणून शुश्रूषा फुकट ठरत नाही. बाहेरची बाई ठेवली असती तर तिला काय द्यावे लागले असते, त्या मापाने ती मागता येते. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही कामावर गेला नाहीत, हे आजच वहीत लिहून ठेवा. बिलांच्या मूळ प्रती एका पिशवीत ठेवा. औषधाच्या बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठीही हवी. मेडिक्लेम असलेल्या वाचकांसाठी येथेच सांगते की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे; त्यामुळे ती बिलेही दाव्यात लावावीत.

विमा कंपनीकडून लवकरच एक प्रस्ताव येण्याची शक्यता आहे, आणि त्याबाबत तुम्ही सावध असावे असे मला वाटते. कलम १६४ खाली गंभीर दुखापत झालेल्या व्यक्तीला चूक कोणाची हे सिद्ध न करता २,५०,००० रुपये मिळू शकतात, आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. ज्यांच्याकडे साक्षीदार नाही, ज्यांची स्वतःचीच चूक अधिक आहे, त्यांना ही तरतूद आधार देते. पण ही रक्कम तडजोडीच्या मार्गाने स्वीकारली की न्यायाधिकरणातील मुख्य दावा संपुष्टात येतो, असे कलम १६६ मध्येच लिहिले आहे. घरात उसनवारी असताना अडीच लाख फार मोठे वाटतात, हे मला कळते. तरी वरचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच उत्तर द्या. लोकअदालतीचे तसे नाही. तेथे दोन्ही बाजूंना पटेल अशी रक्कम ठरते, वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही आणि विमा कंपन्याही पुष्कळदा रास्त बोलतात. फक्त तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा फाइलमध्ये लागल्याशिवाय तेथे आकडा बोलू नये.

एजंटाला नाही म्हणा. भरपाईतला हिस्सा मागणे किंवा निकालावर अवलंबून फी ठरवणे हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मना आहे, मग वकील नसलेल्या माणसाने २५ टक्के मागण्याचा प्रश्नच उरत नाही. वीस लाखांचे २५ टक्के म्हणजे पाच लाख. एवढ्या पैशात तुमच्या घराचा दोन वर्षांचा खर्च चालेल. अपघाताचे दावे नेहमी चालवणाऱ्या वकिलांना स्वतः भेटा, फी ठरवून लेखी घ्या, आणि कोऱ्या वकीलपत्राव्यतिरिक्त कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका. वकीलपत्रही भरून घेतलेलेच बरे. ते परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिलांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न पाहता हा हक्क आहे, आणि १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मंजूर झालेली रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिले आहेत, म्हणून पतींच्या नावाचे खाते चालू आहे ना, आधार आणि पासबुकावरचे नाव जुळते ना, हेही पाहून ठेवा.

तुमच्या पतींचे म्हणणे मी दोनदा वाचले. अठरा-वीस वर्षे हाताच्या कामावर घर चालवलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या स्वाभिमानाबद्दल मला आदर आहे. त्यांना माझ्या वतीने एवढे सांगा, की न्यायाधिकरण पायाची किंमत करत नाही, ती कोणालाच करता येणार नाही. ते पुढची वीस-बावीस वर्षे जी हजेरी कमावणार होते, तिचा हिशेब तेथे होतो. एखाद्या मालकाने गिलावा करून घेऊन पैसे बुडवले असते तर ते मागायला त्यांना लाज वाटली नसती.

या महिन्यात मोटारमालक पुन्हा घरी येतील, तेव्हा भांडू नका. त्यांना चहा द्या आणि सांगा, की दावा विमा कंपनीवरही होणार आहे, तुमच्या मुलाबद्दल आम्ही खोटे सांगणार नाही आणि वाढवूनही सांगणार नाही. त्यांना माणुसकीने औषधपाण्यासाठी काही द्यायचे असेल तर ते बँकेतून द्यावे, त्याबदल्यात कोणताही कागद मागू नये. तुम्ही ती रक्कम वकिलांना सांगून न्यायाधिकरणापुढे उघड करा. आणि ते उठण्यापूर्वी त्यांच्याकडून मोटारीची विमा पॉलिसी, नोंदणी प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांच्या झेरॉक्स मागून घ्या. पॉलिसीवर मुदतीच्या दोन तारखा असतात. अपघाताचा दिवस त्या दोन तारखांच्या मध्ये येतो की नाही, ते त्यांच्या समोरच पाहा. तो दिवस मुदतीबाहेर निघाला, तर दावा मालक आणि चालक यांच्यावरच चालवावा लागेल आणि वसुलीसाठी त्यांच्या मालमत्तेची माहिती आधीच गोळा करावी लागेल. तसे असल्यास मला पुन्हा लिहा.